परके झाड, परका शब्द

पुण्याच्या टेकड्यांवर देशी झाडे लावून जगवणारे स्वयंसेवक गिरिपुष्पावर खार खाऊन असतात. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. भराभर वाढते, जमिनीला नत्र देते, म्हणून वनखात्याने ते टेकड्यांवर लावले. त्याच्या दाटीखाली गवत आणि स्थानिक झुडपे मागे हटली. ते काढून पळस, खैर, पांगारा लावावेत, हे पटते.

अडखळायला होते ते भाषेपाशी. ‘परके’, ‘घुसखोर’ हे शब्द आपण माणसांवरही फेकतो. अनुवाद करताना रोज दिसते, की शब्द एका शेतातून दुसऱ्यात सहज रुजतो. शिवाय मूळ गावच विचारायचे, तर मिरची अमेरिकेची, चिंच आफ्रिकेची. चिंचेला परकी म्हणायला मात्र मराठी जीभ वळत नाही.

मग निकष कोणता? कुठून आले, हा नव्हे. आल्यावर इतरांना जागा ठेवते का, हा. चिंच अख्खी टेकडी व्यापत नाही, गिरिपुष्प व्यापते. तरी दोष त्याचा नाही. ते आपण आणले, कारण उघडा माळ आपल्याला ओसाड वाटला.

हाच निकष आपल्यालाही लागतो. गवताळ माळावर देशी झाडांची गर्दी केली, तर तीही माळावरच्या गवताची आणि त्यात घरटी करणाऱ्या पाखरांची जागा खाईल. तेव्हा ‘देशी’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रत्येक खड्डा खणण्यापूर्वी इथे आधी कोण राहत होते, हे विचारावे लागेल.