कागदावरची पोटगी

चि. मृणाल,


तुझं पत्र परवाच मिळालं. कोर्टाने तुझ्या अशिलाला आणि तिच्या मुलीला मिळून महिना तीन हजार पोटगी लावून दिली, नवऱ्याने एक पैसा दिला नाही, आणि तहसीलमधून मात्र 'संजय गांधी'चं अनुदान बंद का करू नये, अशी नोटीस आली. केस जिंकून बाई होती त्याहून कंगाल होणार, म्हणून तू चिडली आहेस. रास्त आहे.

तहसीलमधल्या 'संजय गांधी' शाखेच्या टेबलावर माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून आधी नियम सांगते. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. घटस्फोटित किंवा घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या बाईला पोटगी मिळत नसेल, किंवा उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा कमी मिळत असेल, तर ती पात्र ठरते. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५०. आता दुसरी काही कमाई नाही असं धरून हिशेब कर. पोटगी १,७०० असेल तर अनुदानाचे १,५०० धरून घरात ३,२०० येतात. पोटगी २,००० झाली की अनुदान जातं, आणि उरतात तेवढे २,०००च. तीनशे वाढवून घेतले आणि बाराशे गमावले! आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हे गणित तोंडपाठ असायचं. 'चालू आहे ते जाईल, कोर्टाची पायरी कशाला चढू?' असं त्या सरळ म्हणायच्या. सुटला तो बाप.

अनुदान सहाशेचं हजार झालं, २०२३ साली दीड हजार झालं. मर्यादा मात्र २१,०००वरच बसून राहिली. आणि याच सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजनेत तेवढेच दीड हजार द्यायला मर्यादा ठेवली अडीच लाखांची. निराधार बाईलाच एवढी बारीक चाळणी का, याचं उत्तर मला नोकरीतही कुणी दिलं नाही.

ब्रिटनमध्ये हा घोळ आपल्या आधी होऊन गेला. १९९३ साली तिथे बापाकडून पोटगी वसूल करायला खास सरकारी यंत्रणा उभी राहिली. पण गरीब आईला पोटगी मिळाली की तेवढी रक्कम तिच्या भत्त्यातून कापली जाई. बापाने दिलं काय, बुडवलं काय, मुलाच्या ताटात तेवढंच पडायचं. फायदा फक्त तिजोरीचा. पुढे त्यांनी थोडी थोडी सूट दिली आणि २०१०पासून मुलांची पोटगी भत्त्यासाठी उत्पन्नात धरणंच सोडून दिलं. मला हेच पटतं. मुलीच्या दुधा-वह्यांसाठी आलेले पैसे ही आईची कमाई नव्हे.

आपल्याकडे हा बदल होईल तेव्हा होईल. तुझ्या बाईपुरतं पाहू. नियमात शब्द 'मिळणारी' पोटगी असा आहे, 'मंजूर झालेली' असा नाही. नोटिशीच्या उत्तरात हेच लिही. सोबत हुकुमाची प्रमाणित नक्कल आणि बँकेचं भरलेलं पासबुक जोड. हप्ता आलाच नाही, हे पासबुकाइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. वसुलीचा अर्ज टाकलास की त्याची पोचही लाव. पुढच्या केसेसमध्ये बायकोची पोटगी आणि मुलांची पोटगी हुकुमात वेगवेगळी मागून घेत जा, म्हणजे भांडायला जागा राहते. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात वेगळा करायचा. एकल पालकाच्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत महिना २,२५० मिळतात. वकील मंडळी हे सांगायला हमखास विसरतात.

आणि सगळ्यात घाईचं. थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज तो हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. तुझ्या पत्रावरून पहिला हप्ता थकून अकरा महिने होत आले आहेत. नोटिशीचं उत्तर आठवड्याने दिलंस तरी चालेल, वसुलीचा अर्ज मात्र सोमवारी दाखल कर.

तुझी,
आत्या