बाईंची हजेरी



आपल्या शाळेत पस्तीस वर्षे पहिलीचा वर्ग शिकवणाऱ्या बाई गेल्या महिन्यात देवाघरी गेल्या. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत आई आणि मुलगा दोघांनीही त्यांच्याच हाताखाली पाटीवर ‘अ’ गिरवला आहे.

शेवटची तीन वर्षे बाईंना काही आठवत नसे. पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाई, तेव्हा त्या मला ओळखत नसत. एकदा मात्र खाटेवर उठून बसल्या आणि हजेरी घेऊ लागल्या. पंधरा-वीस नावे, आडनावांसह! एका नावापाशी थांबून त्यांनी विचारले, “आजही नाही आला?”

मला उत्तर देता आले नाही. ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्या जागी आपल्यापैकी कोणीही असू शकतो. ‘त्यांना आता काय कळते?’ असे म्हणून आपण बहुतेकांनी जाणे सोडले होते. मीही प्रार्थना आटोपून घाईने निघत असे.

संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समधील गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि लॅटिनऐवजी मातृभाषेतून वाचायला शिकवले. पोप पायस बारावे यांनी 1950 साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केले. ते आपल्या शिक्षकांना सांगत, की उत्तम मेंढपाळाप्रमाणे प्रत्येक मुलाला वेगवेगळे ओळखा.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियाने येशूला माळी समजले. त्याने नावाने हाक मारताच तिने त्याला ओळखले, आणि तिच्या तोंडून शब्द निघाला ‘रब्बूनी’, म्हणजे गुरुजी. माणसाची स्मृती विझते. पण आपली नावे देवाच्या तळहातावर कोरलेली आहेत, असे यशया संदेष्टा सांगतो. बाई ज्यांना विसरल्या त्यांना देव विसरला नाही, आणि बाईंनाही नाही.

येत्या रविवारची पहिली मिस्सा बाईंच्या आत्म्यासाठी अर्पण होईल. मिस्सा झाल्यावर तुमच्या एखाद्या वृद्ध शिक्षकाच्या घरी जा. त्यांनी ओळखले नाही, तर आपणच आपले नाव सांगा आणि म्हणा, “हजर, बाई!”

तुमचा ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू