अपरिग्रह आणि वन पॉइंट एट

१९४६ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा चरख्यासोबतचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांना आधी सूत कातायला शिकावं लागलं. गांधीजींच्या सचिवांची तशी अट होती. दुसरी अट उजेडाची. खोली अंधारी, गांधीजींचा मौनाचा दिवस, आणि प्रखर झोत त्यांना आवडत नसे. म्हणून फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने काम झालं.

ज्याचा चेहरा हवा होता, त्याच्याच बाजूने उजेडाचं माप ठरलं.

आज पहाटे दादरच्या फूलबाजारात किंवा रात्री तुळशीबागेत कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलामुलींना असं बल्ब मोजून देणारं कुणी नसतं. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स झूम केली की एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, फोटो हलतात, आणि मग विचारणा सुरू होते: स्वस्तातली कुठली प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यावी? प्रश्न दुकानातला वाटतो. त्याच्या पोटात मात्र दोन फार जुने प्रश्न आहेत. माणसाला किती पुरतं? आणि समोरच्याने न दिलेली गोष्ट घ्यावी का? पतंजलींच्या पाच यमांत आणि जैनांच्या पाच महाव्रतांत या दोन्ही प्रश्नांना जागा आहे. एकाचं नाव अपरिग्रह, दुसऱ्याचं अस्तेय.

पहिल्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येतं. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते, आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ५.६ वरून १.८ वर आलं की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवावं लागत होतं आणि चालणारा माणूस पुसट येत होता, तिथे ते सव्वाशेव्या भागाच्याही पुढे नेता येतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं. समोरून चालत येणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही. त्याला उजेडच लागतो.

ही दहापट वाढ ५० मिलिमीटर एफ १.८ ही अगदी साधी लेन्स देते. कॅननची २०१५ साली आलेली एसटीएम लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि साधारण दहा-बारा हजारांच्या घरात मिळते. त्याच मापाची एफ १.२ लाखाच्या पुढे जाते, आणि तिच्यातून येणारा उजेड १.८ च्या सव्वादोनपटच असतो. आधी दहा-बारा हजारांत दहापट, नंतर लाखभर मोजून सव्वादोनपट. ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या चित्रपटात स्टॅनली कुब्रिक यांनी मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं टिपायला मुळात नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ ०.७ लेन्स वापरल्या. त्यांची गरज खरी होती, कारण हाताशी असलेली फिल्म १०० एएसएची, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ १०० ची होती. आजचा साधा कॅमेरा आयएसओ ३२०० वरही वापरण्याजोगा फोटो देतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर केलं, हा दाखला नेहमी दिला जातो. पण ते कापड-उद्योगातल्या सधन घराण्यातले होते. एका लेन्सवर राहणं ही त्यांनी केलेली निवड होती. ज्याच्या खिशात दहाच हजार आहेत, त्याच्या नाइलाजाला व्रताचं नाव देणं अन्यायाचं आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात उमास्वातींनी परिग्रहाची जी व्याख्या केली आहे, ती इथे फार उपयोगी पडते. वस्तू जवळ असणं म्हणजे परिग्रह, असं ते म्हणत नाहीत; ते त्याला मूर्च्छा म्हणतात, म्हणजे वस्तूत भान हरपणं. ही मूर्च्छा गरिबालाही जडते. एफ १.२ चे व्हिडिओ रोज रात्री बघणारा आणि त्यापायी महिनाभर घराबाहेर न पडलेला माणूस लेन्स न घेताही परिग्रही झालेला असतो.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, बर्क-व्हाइट आणि कार्तिए-ब्रेसाँ दोघेही दिल्लीत होते. गांधीजींचं पार्थिव ठेवलेल्या खोलीत बर्क-व्हाइट यांनी फ्लॅश वापरला, शोकाकुल माणसं संतापली आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. त्याच रात्री बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून नेहरू जमलेल्या लोकांना बातमी सांगत होते. कार्तिए-ब्रेसाँ यांनी तिथे होता तेवढ्याच दिव्याच्या उजेडात फोटो काढला. तो धूसर आहे, हललेला आहे, आणि त्या रात्रीचं दुःख त्या धूसरपणासकट त्यात उतरलं आहे. फ्लॅशला ते असभ्यपणा मानत.

एवढ्यावरून मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स म्हणजे अहिंसक लेन्स, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. तो अपुरा आहे. फ्लॅश निदान लपत नाही. फोटो निघाला हे समोरच्याला कळतं, तो रागावू शकतो, तोंड फिरवू शकतो. एफ १.८ अंधारातून आवाज न करता घेते, आणि अंधारात माणूस आपल्याला कुणी पाहत नाही अशा समजुतीने बसलेला असतो. जैन परंपरेत चोरीला अदत्तादान म्हणतात: न दिलेलं घेणं. फूटपाथवर झोपलेल्या मजुराचा चेहरा त्याने कधी दिला?

कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या फ्रेंच नावातही चोरून, घाईने टिपण्याचा अर्थ आहे. आधी विचारलं तर क्षण मरतो, हा रस्त्यावरच्या छायाचित्रकारांचा युक्तिवाद खोटा नाही. पण फाटकावर उभे राहून बोलणारे नेहरू स्वतः लोकांसमोर आले होते. पंढरपुरात चंद्रभागेत स्नान करणारी बाई कुणासमोर आलेली नसते, ती पांडुरंगाकडे निघालेली असते. लांबून, तिच्या नकळत काढलेला तिचा फोटो कितीही सुंदर आला तरी ते अदत्तादानच.

म्हणून फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरचा आकडा, निवडणं म्हणजे माणसापासूनचं अंतर निवडणं. ८५ मिलिमीटर एफ १.८ पोर्ट्रेटसाठी उत्तम, पण रस्त्यावर ती दूर उभं राहायची सवय लावते. ३५ मिलिमीटरने चेहरा हवा तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलेल्याला लपता येत नाही. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५-८० सारखी दिसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. अशा कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटरच फोकसमध्ये राहतात. डोळे स्पष्ट आले की कान पुसट होतात. समोरचा माणूस क्षणभर थांबायला राजी असेल, तरच हे नीट जमतं. संमतीची गरज इथे लेन्सच सांगते.

तेव्हा निवाडा असा. क्रॉप सेन्सर असेल तर ३५ मिलिमीटर एफ १.८, फुल फ्रेम असेल तर ५० मिलिमीटर एफ १.८. पोर्ट्रेटच मुख्य असतील, तर क्रॉपवरही ५० चालेल. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. मात्र मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, म्हणून टॉर्च मारून आतल्या काचा बघाव्यात. निकॉनची जुनी ५० मिलिमीटर १.८ डी घेताना आपल्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर आहे ना, हे तपासावं. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नसते.

आणि रस्त्यावर फोटो काढून झाला की दोन पावलं पुढे जा, स्क्रीन त्या माणसाला दाखवा. तो नको म्हणाला, तर तिथेच, त्याच्यासमोर डिलीट करा.