करवणाऱ्याचा वाटा

शिवडीहून अटल सेतूवर चढलेल्या मोटारीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि ई-चलान येतं मालकाच्या नावावर. चाकावर पगारी ड्रायव्हर असो, भाचा असो की गॅरेजचा पोऱ्या. मालक मागच्या सीटवर डुलक्या घेत असो, नाहीतर घरी जेवत असो. ‘गाडी मी चालवत नव्हतो’ हे नंतर त्यानेच पटवून द्यायचं. वाहतूक खात्याने हे तत्त्वज्ञान म्हणून केलेलं नाही. नंबरवरून मालक सापडतो, ड्रायव्हर सापडत नाही, एवढाच हिशेब. पण आपल्या शास्त्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर खल केला तो प्रश्न या सरकारी सोयीच्या पोटात आहे: करणाऱ्याचा दोष किती, आणि करवणाऱ्याचा किती?

पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली म्हणून आपण मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. जैनांनी या तिन्हींना मन, वाणी आणि काया यांनी गुणून नऊ वाटा मोजल्या आणि साधूला नऊही बंद केल्या. मीमांसकांचं गणित फळाच्या बाजूने चालतं. यज्ञात आहुती टाकतो तो ऋत्विज, घाम त्याचा, डोळ्यांत धूर त्याच्या. पण स्वर्ग मिळायचा तो यजमानाला. ऋत्विजाला दक्षिणा दिली की त्याचा हिशेब मिटला. ही दोन्ही मतं शेजारी ठेवली तर करवणाऱ्याची मोठी पंचाईत होते. पुण्य सगळं घ्यायचं आणि पाप मात्र करणाऱ्याच्या पदरात टाकायचं, ही सोय त्याला कुणीच देत नाही.

हा प्रश्न मोटार-शर्यतींच्या धंद्यात जितका उघडा पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल. कारण तिथे आज करवणारे बरेचसे कालचे करणारे असतात. ज्याने फॉर्म्युला वनचा बाजार उभा केला, त्या बर्नी एक्लस्टनने १९५८ साली मोनाकोत स्वतः गाडी घालून पाहिली होती. पात्रता फेरीच पार झाली नाही. मर्सिडीज संघाचा प्रमुख टोटो वोल्फ आणि मॅक्लॅरेनचा झॅक ब्राउन हे दोघेही आधी शर्यती चालवलेले. मॅक्स मोझली तर ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमच्या त्याच शर्यतीत गाडी चालवत होता, ज्यात जिम क्लार्क गेला. पुढे तो जागतिक मोटार महासंघाचा, म्हणजे एफआयएचा, अध्यक्ष झाला. १९९४ साली इमोलात शनिवारी रोलंड रॅट्झेनबर्गर आणि रविवारी आयर्टन सेना मरण पावला. सगळं जग सेनाच्या अंत्ययात्रेला ब्राझीलला गेलं. मोझली ऑस्ट्रियात रॅट्झेनबर्गरच्या अंत्यविधीला गेला. फारसं नाव नसलेल्या, एकही गुण न मिळवलेल्या ड्रायव्हरच्या. धंद्याच्या दृष्टीने त्यात काडीचाही फायदा नव्हता.

या धंद्याचा एक मोठा खेळ मुंबई बंदरातून पुढे गेला आहे, आणि त्याची सुरुवात एका सरळ द्वंद्वातून झाली. १९५८ची ब्रिटिश सलून मोटार स्पर्धा संपली तेव्हा जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ या दोघांचे गुण समान झाले. नाणेफेक करून निकाल लावू, असं सुचवलं गेलं. दोघांनीही ते उडवून लावलं. मग ब्रँड्स हॅचला दोन सारख्याच रायली गाड्या आणल्या, दोघांनी आळीपाळीने दोन्ही चालवल्या आणि सीअर्स एकूण १.६ सेकंदांनी जिंकला. नशिबाच्या हवाली न करता स्वतःच्या हातापायांनी निकाल लावणं: यापेक्षा स्वच्छ ‘कृत’ शोधून सापडायचं नाही.

दहा वर्षांनी हीच जोडी टेबलापलीकडे बसली. लंडन ते सिडनी या प्रचंड मॅरेथॉन शर्यतीच्या संयोजन समितीवर सॉपविथ होता, मार्ग आखला सीअर्सने. २४ नोव्हेंबर १९६८ला लंडनहून गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईत आल्या. तगलेल्या सत्तरेक गाड्या ‘चुसान’ नावाच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पाठवल्या. शेवटच्या दिवशी ल्युसियँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांची सित्रोएन आघाडीवर होती. सिडनी शे-दीडशे किलोमीटरवर राहिलं असताना समोरून एक मिनी आली आणि दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. हा टप्पा रहदारीला बंद असल्याचा समज होता. बियांकी जबर जखमी झाला. मागून पॅडी हॉपकर्क आला. तो थांबला, मदतीला धावला आणि शेवटी दुसरा आला. अँड्र्यू कोवन पहिला.

हॉपकर्कचं कौतुक होतं, ते योग्यच. पण इथे जास्त छळणारा माणूस हॉपकर्क नव्हे, मिनीतला आहे. बियांकीने मरणाचा धोका ठाऊक असून पत्करला होता. काही महिन्यांनी, ३० मार्च १९६९ला ल मान्सच्या सरावात तो गेला, तेव्हाही धोका त्याने स्वतः पत्करलेलाच होता. ‘ड्रायव्हर स्वखुशीने उतरतो, मग संयोजकाकडे दोष कसला?’ हा या धंद्याचा आवडता बचाव बियांकीपुरता एकवेळ चालेल. मिनीतल्या माणसांनी कशाला होकार दिला होता? रस्ता बंद ठेवणं हे करणाऱ्याच्या हातात नसतंच. ते करवणाऱ्याचं काम.

गीतेतला सारथी इथे कुणालाही आठवेल, आणि तो दाखला देण्याचा मोहही होईल. पण तो लागू पडत नाही. कृष्णाने शस्त्र धरलं नाही हे खरं, तरी घोड्यांचे लगाम धरून तो अर्जुनाच्या पुढे बसला होता. येणारे बाण त्याच्याही अंगावर येत होते. संयोजकावर बाण येत नाहीत.

गाड्या ‘चुसान’वर चढल्या त्या मुंबईत त्याच सुमारास करवणाऱ्याची व्याख्या कायद्याच्या पातळीवर ठरत होती. बंदराच्या काठाकाठाने, दारूखान्यापासून शिवडीपर्यंतच्या गोदामांत आणि वखारींत ओझी वाहणारा माथाडी कुणाचाच कामगार नसे. व्यापारी म्हणे, ‘मी टोळीला पैसे दिले’; टोळीचा मुकादम म्हणे, ‘मीही हमालच’. अण्णासाहेब पाटलांसारख्या स्वतः ओझं वाहिलेल्या माणसाच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा झाला. ज्याचा माल उचलला जातो त्या मालकाने मंडळात नोंद करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. हजेरीपटावर नाव नाही, ही सबब संपली. मुकादमाची गोष्ट मात्र कायद्याने सुटणारी नव्हती. ज्याने पाठीवर पोतं घेतलं आहे त्याला कुणाच्या पाठीला किती झेपेल हे नुसत्या नजरेने कळतं. जास्त चढवलं तर ‘मला कल्पना नव्हती’ असं तो म्हणूच शकत नाही. सीअर्स-सॉपविथची गत मुकादमाची. अनुभव हा संयोजकाचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो; दोषाच्या हिशेबात तोच त्याला महाग पडतो.

नझीर हुसेन याच मुंबईचे. आधी रॅलीत गाड्या चालवणारे, मग १९८०मध्ये सुरू झालेली हिमालयन रॅली उभी करणारे, भारतीय मोटार-क्रीडेचे कारभारी आणि अखेर फॉर्म्युला वनच्या शर्यतींत पंच, म्हणजे स्टुअर्ड. पायरीपायरीने ते चाकापासून टेबलापर्यंत गेले. आणि १२ जुलै १९९८ला सिल्व्हरस्टोनच्या पावसात त्या टेबलावर ते सापडले.

ब्रिटिश ग्रां प्रीच्या ४३व्या फेरीत मिखाएल शूमाखरने पिवळ्या झेंड्याखाली ॲलेक्झांडर वुर्झला मागे टाकलं. नियमात न बसणारी ही गोष्ट. पंचांनी दहा सेकंदांची शिक्षा दिली, पण गुन्हा घडल्यापासून २५ मिनिटांच्या आत संघाला कळवायला हवं होतं तिथे ३१ मिनिटं लागली. शिवाय हाताने लिहिलेल्या त्या चिठ्ठीवरून ही दहा सेकंदं पिटमध्ये थांबून भोगायची की शेवटी वेळेत मिळवायची, हे फेरारीला कळेना. शेवटच्या फेरीत शूमाखर पिटमध्ये शिरला. फेरारीची जागा अंतिम रेषेच्या पलीकडे होती. म्हणजे शिक्षा भोगायच्या आधीच, पिटच्या गल्लीतून, त्याने शर्यत जिंकली. शिक्षा रद्द झाली, मॅक्लॅरेनचं अपील फेटाळलं गेलं, निकाल कायम राहिला. हुसेन, हॉवर्ड लॅप्सली आणि रॉजर पर्ट या तिघा पंचांनी आपापले परवाने परत केले.

यज्ञात होता, अध्वर्यू आणि उद्गाता या तिघांखेरीज चौथा एक असतो: ब्रह्मा. तो बहुतेक वेळ गप्प बसून बाकीच्यांचं काम पाहतो, आणि चूक झाली की प्रायश्चित्त करून यज्ञ सांधतो. पंच हा शर्यतीतला ब्रह्मा. पण ब्रह्माच चुकला तर प्रायश्चित्त कुणी करायचं? सिल्व्हरस्टोनला शर्यत सांधली गेलीच नाही. परवाने परत केल्याने दुसऱ्या आलेल्या मॅक्लॅरेनच्या हाकिननला पहिला नंबर मिळाला नाही. त्या अर्थाने ते प्रायश्चित्त अपुरं होतं, आणि ते तिघांनी किती आपखुशीने केलं यावर वाद घालता येईल. तरीही त्यात एक गोष्ट खरी होती. ड्रायव्हर चुकला की किंमत अंगावर येते, तिथल्या तिथे. टेबलावरच्या माणसाला चुकीची किंमत शोधून काढावी लागते, नाहीतर ती कधीच चुकती होत नाही. दंड कंपनी भरते, खुलासा वकील लिहितात. परवाना मात्र ज्याचा त्याचा असतो. त्या काळी हे पंच स्वयंसेवक असत, मानधन नाही. म्हणजे दक्षिणा घेऊन हिशेब मिटवण्याची ऋत्विजाची पळवाटही त्यांना नव्हती.

उलट दिशेचं उदाहरण बियांकींच्याच घरात आहे. ल्युसियँचा भाऊ मोरो. त्याचा नातू ज्यूल बियांकी. ५ ऑक्टोबर २०१४ला सुझुकाला पाऊस पडत होता, आधी घसरलेली एक गाडी उचलायला क्रेन-ट्रॅक्टर आत आला होता, आणि ज्यूलची गाडी त्याखाली घुसली. १७ जुलै २०१५ला तो गेला. एफआयएच्या चौकशी मंडळाने म्हटलं की दोन पिवळे झेंडे असताना त्याने वेग पुरेसा कमी केला नाही. आणि पुढच्याच हंगामापासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आली. आता धोका असला की वेग किती ठेवायचा हे सगळ्या गाड्यांना एकदम बांधून दिलेलं असतं. दोष करणाऱ्याचा म्हणून लिहिला गेला, दुरुस्ती करवणाऱ्याने आपल्या बाजूची केली. अहवाल वाचून जे पटत नाही ते नव्या नियमाने कबूल केलं.

राहिला तिसरा, अनुमोदित. त्याच्याकडे ना परवाना ना लेव्ही. तिकीट असतं, आता टीव्ही आणि मोबाइल.

२०१०मध्ये एफआयएने दर शर्यतीच्या पंचमंडळात एक माजी ड्रायव्हर बसवायला सुरुवात केली. अध्यक्ष होते ज्याँ तोद, जे स्वतः रॅलीत सहचालक होते. पहिला मान बहरीनला अलँ प्रोस्टला. त्या खुर्चीवर पुढे बरीच वर्षं जॉनी हर्बर्ट बसला. जानेवारी २०२५मध्ये त्याला मोकळं करण्यात आलं, कारण तो शर्यतींवर माध्यमांतून टिप्पणीही करत असे, आणि मान डोलावणं व निवाडा करणं ही दोन कामं एका माणसाने करू नयेत, असं महासंघाला वाटलं.