पुरून ठेवलेली ठेव

‘पिंक फ्लॉईड’ या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘टाइम’ हे गीत १९७३ साली प्रसिद्ध झाले. अनेक घड्याळांच्या एकदम उठलेल्या घणघणाटाने ते सुरू होते. शब्द लिहिणारे रॉजर वॉटर्स तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. खरे आयुष्य पुढे कधीतरी सुरू होईल, तोवर तयारी करावी, असे समजत असता ते केव्हाच सुरू झाले आहे, ही जाणीव त्या गीतामागे आहे. रॉक संगीत आमच्या कानांना मानवत नाही. तरीही हे गीत तरुणांनी ऐकावे, आणि त्यांच्या आईवडिलांनी तर अवश्य ऐकावे, असे आम्हांस वाटते.

कारण वाया जाणाऱ्या गुणांना आपण फार लवकर आळस म्हणतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २५) तिसऱ्या दासाला धनी आळशी म्हणतो खरा. पण दासाने स्वतः दिलेले कारण निराळे आहे. त्याला भीती वाटली. एक तलान्त म्हणजे मजुराची सुमारे ६००० दिवसांची मजुरी. ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती! त्याने ती उधळली नाही, चोरली नाही, जशीच्या तशी परत केली. धनी कठोर आहे, अशी मात्र त्याची पक्की समजूत होती. व्यापारात बुडण्याचा धोका पहिल्या दोघांनाही होताच. धन्याविषयीची ती धास्ती त्यांना नव्हती.

परीक्षेचा अर्ज भरून ऐनवेळी न बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ‘अभ्यास अजून पुरा झाला नाही’, एवढेच ती सांगतात. न दिलेल्या परीक्षेत कोणी नापास होत नाही. अशा मुलाला उपदेश करण्याआधी, पूर्वी गुण कमी पडले त्या दिवशी घरात काय घडले, हे पालकांनी आठवून पाहावे.

पैठण ही शास्त्रीपंडितांची नगरी. चुकलेला शब्द येथे कोणी सहज सोडून देत नसे. त्याच नगरीत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहावयास घेतली. पहिले पाच अध्याय पाहून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला व त्यांना बोलावून घेतले, असे परंपरा सांगते. नाथ गेले, आणि १५७३ मध्ये ग्रंथ काशीतच पूर्ण झाला. त्यांना भीती वाटलीच नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. म्हणजे आपली विद्वत्ता दुसऱ्याच्या ग्रंथासाठी वेचली.

तथापि प्रत्येक विलंबाला वाया जाणे म्हणू नये. पेरलेले बी आणि पुरलेले धन दोन्ही मातीखालीच असतात. वरून पाहणाऱ्यास फरक कळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. मधली सदतीस वर्षे ते लोकांत राहून त्यांची भाषा आपलीशी करीत होते. त्यांचे कोकणी व्याकरण तर त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापून निघाले.