शिकारीची रायफल आणि हिंसेचा हिशेब

मोठ्या जनावरासाठी किती बोअरची, म्हणजे नळीच्या किती व्यासाची, रायफल घ्यावी, या प्रश्नाला हिंसेची एक बाजू आहे. मारणे धर्म्य की अधर्म्य, हे बोअरवरून ठरत नाही. मारायचेच ठरले, तर जनावर किती वेळ तडफडेल हे मात्र त्यावर बरेच अवलंबून असते.

आधी धर्म्य-अधर्म्याचा प्रश्न. कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, हे जैन विद्येचे जुने केंद्र. जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी (हेतुपुरस्सर), आरंभी (घरकामातली), उद्योगी (व्यवसायातली) आणि विरोधी (बचावासाठीची) असे चार भेद केले जातात. छंदासाठी केलेली शिकार संकल्पी, म्हणून सर्वथा त्याज्य. त्याच जिल्ह्यातल्या मादन हिप्परग्याच्या तूर-ज्वारीच्या शिवारात रानडुकरे शिरली, तर प्रश्न अवघड होतो. पीक राखणे विरोधी हिंसेत धरता येते, पण टिपून मारणे संकल्पाकडे झुकते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही, 1991च्या दुरुस्तीनंतर, छंदाची शिकार पूर्ण बंद केली. कलम 11 मात्र जिवाला धोका असल्यास, आणि ठरावीक प्राण्यांच्या बाबतीत उभ्या पिकासाठीही, लेखी परवानगीने अपवाद करते.

परवानगी मिळाली की साधनाची जबाबदारी येते. रानडुकराच्या खांद्याची कातडी जाड असते. हलक्या, लवकर फुटणाऱ्या गोळीने ते जखमी होऊन उसात शिरते. भारतात बनणाऱ्या .315 बोअरच्या रायफलीची गोळी जवळून नेमकी लागली तर पुरते. गवा किंवा हत्तीसाठी 1912 सालचे .375 मॅग्नम हे काडतूस किमान मानले जाई. त्याची गोळी 300 ग्रेनची, म्हणजे सुमारे 19 ग्रॅमची. त्याहून जड .470चा जन्म तर जनावरामुळे झालाच नाही. बंडखोरांच्या हाती काडतुसे पडतील या भीतीने ब्रिटिश सरकारने 1907च्या सुमारास हिंदुस्थानात .450वर बंदी घातली आणि कारखानदारांनी नवे माप काढले.

पण बोअर वाढवले की दया वाढते, असे नाही. जबर धक्क्याला बिचकणाऱ्याचा नेम चुकतो. झेपेल त्या रायफलीने हृदय-फुप्फुसांवर मारलेली गोळी बरी. दशरथाच्या बाणात बळ कमी नव्हते. अंधारात घागर बुडाल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि श्रावणबाळ गेला. जनावर दिसल्याशिवाय गोळी सोडू नये, हा नियम म्हणूनच बोअरच्या निवडीआधी येतो. गोळी लागूनही जनावर पळाले, तर रक्ताचा माग काढून त्याला संपवणे हेही मारणाऱ्याच्याच वाट्याचे काम असते.