निःशब्दता आणि मौन

मनुष्याने बोलणे थांबविले की तो मौनी झाला काय? प्रश्न वरवर बालिश वाटेल; परंतु श्रीमद्भगवद्गीतेने त्याचे जे उत्तर दिले आहे, त्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे शारीर, वाङ्मय आणि मानस असे तीन विभाग केले आहेत. मौन म्हणजे वाणीचा निरोध. तेव्हा त्याची गणना वाङ्मय तपात व्हावी, असे कोणीही म्हणेल. पण तेथे भगवंतांनी सत्य, प्रिय व हितकर भाषण आणि स्वाध्याय ह्यांना स्थान दिले आहे. मौनाला मात्र मनाच्या प्रसन्नतेशेजारी, मानस तपात नेऊन बसविले आहे. श्रीशंकराचार्यांनी ह्याची उपपत्ती अशी लावली आहे की, वाणीचा संयम मनाच्या संयमातूनच उत्पन्न होतो. म्हणून येथे कार्याच्या नावाने कारणाचाच निर्देश झाला आहे.

राजधानी दिल्लीत ह्या श्लोकाचे प्रत्यक्ष उदाहरण रोज सकाळी पाहावयास मिळते, फक्त उलट्या बाजूने. २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेली मेट्रो आता उत्तर दिल्लीपासून गुरुग्रामपर्यंत आणि नोएडापर्यंत पोचली आहे. कचेरीच्या वेळी डब्यात उभे राहावयास जागा नसते, तरी बोलणारे थोडेच आढळतात. प्रत्येकाच्या हातात फोन, पुष्कळांच्या कानांत बोंडे, आणि माना खाली घातलेल्या. स्थानकांची नावे सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज तेवढा निष्ठेने बोलत असतो. निःशब्दता म्हणाल तर एखाद्या तपोवनाला शोभावी अशी! परंतु त्या मिनिटभरात एकाच मनातून दूरच्या नातलगाच्या विवाहाची छायाचित्रे, वरिष्ठाचा कठोर निरोप, बाजारातील भावांची चढउतार आणि कोणा अपरिचिताचा संताप अशी सर्व मिरवणूक निघून जाते. मन वायूप्रमाणे आवरावयास कठीण आहे, हे अर्जुनाने सांगितलेच होते. त्या वायूसाठी आता खिशात मावणारी खिडकी तयार झाली आहे, इतकेच.

सर्व दोष ह्या खिडकीचाच आहे काय? ह्या ठिकाणी ख्रिस्ती साधकांचा, विशेषतः कॅथलिक परंपरेने जपलेला अनुभव उपयोगी पडतो. चौथ्या शतकात मिसर देशाच्या वाळवंटात एव्हाग्रिउस नावाचा एक संन्यासी राहत होता. त्याचा देहान्त ३९९ साली झाला. भर दुपारी एकांतवासी साधकावर येणाऱ्या एका विकाराचे त्याने वर्णन करून ठेवले आहे. दिवस सरता सरत नाही. साधक वारंवार खिडकीकडे पाहतो, झोपडीबाहेर येऊन सूर्य किती ढळला ते न्याहाळतो, कोणी बंधू भेटावयास येतो आहे काय म्हणून इकडेतिकडे दृष्टी टाकतो. ज्याच्याजवळ यंत्र नाही, शेजार नाही, वर्तमानपत्र नाही, अशा मनुष्याची ही अवस्था! विक्षेप मनाचाच आहे. यंत्राने त्याला फक्त चोवीस तासांची सेवा पुरविली आहे.

नवी दिल्लीतील गोल डाकखान्याजवळ १९३० च्या दशकात उभे राहिलेले, हेन्री मेड ह्यांनी आराखडा केलेले सेक्रेड हार्ट कॅथेड्रल आहे. त्याला लागूनच गुरुद्वारा बंगला साहिब आणि थोड्या अंतरावर कॅनॉट प्लेसचे हनुमान मंदिर. तिन्ही ठिकाणी आत शिरणारा भक्त आज सर्वांत आधी खिशातील एकच वस्तू चाचपून पाहतो. कॅथलिक उपासनेत मनाला बांधण्यासाठी जी साधने आहेत, ती महाराष्ट्रीय वाचकाला फारशी परकी वाटणार नाहीत. वसईकडील ख्रिस्ती घरांत म्हटली जाणारी रोझरी ही जपमाळच होय; दहा दहा मण्यांच्या पाच आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर येशूच्या किंवा मातेच्या चरित्रातील एका प्रसंगाचे चिंतन. पाचव्या शतकात कॅसियन नामक ग्रंथकाराने वाळवंटातील संन्याशांचा एक उपदेश पश्चिमेकडे पोचविला. स्तोत्रसंहितेतील, साहाय्यासाठी देवाला हाक मारणारे एकच छोटे वचन घ्यावे आणि उठता, बसता, जेवता, निजता तेच घोळवीत राहावे, असा तो उपदेश. ज्यांनी जपयज्ञाला यज्ञांत भगवंताची विभूती मानले, त्यांना ह्यात नवल ते कोणते वाटावे?

ह्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट बाराव्या शतकातील गिगो ह्या कार्थुसियन मठाधिपतीने सांगितली आहे. त्याने साधकासाठी चार पायऱ्यांची शिडी कल्पिली: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असा त्याचा दृष्टान्त आहे. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवण, मनन व निदिध्यासन सांगितले. त्याच्याशी हा क्रम ताडून पाहिला म्हणजे तिसऱ्या पायरीशी मन थबकते. श्रवण आणि वाचन, मनन आणि मनन, निदिध्यासन आणि ध्यान ह्यांची जुळणी होते. पण मध्ये ही प्रार्थना कोठून आली? वरकरणी ही एक पायरी वाढलेली आहे. खरे पाहता गिगोच्या मते मननाने मनुष्याला इतकेच कळते की, जे हवे ते आपल्या प्रयत्नांनी मिळणारे नाही. म्हणून तो तेथे हात पसरतो. ज्याला आत्मा स्वतः वरतो त्यालाच तो लाभतो, ह्या आशयाचे वचन कठ आणि मुंडक ह्या दोन्ही उपनिषदांत आहे. याचना आपल्याकडेही आहे, परंतु अनेकदा ज्ञानाच्या अभिमानात ती पायरी वगळून पुढे उडी मारली जाते.

गुरुग्रामच्या कचेऱ्यांतून आज ध्यानाचे वर्ग भरतात. कामाचा वेग वाढावा, झोप लागावी, चिडचिड कमी व्हावी हा त्यांचा हेतू असतो. हेतू वाईट नाही. सकाम कर्मालाही शास्त्रात स्थान आहे. पण ते सकामच आहे, हे विसरले जाऊ नये. औषध म्हणून घेतलेली शांतता आणि कोणाची तरी वाट पाहत धरलेले मौन ह्यांत पत्नीशिवाय रिकामे असलेले घर आणि पत्नी येणार म्हणून आवरून ठेवलेले घर ह्यांइतके अंतर आहे. १९८९ साली रोमच्या धर्मपीठाने ध्यानपद्धतींविषयी आपल्या धर्माध्यक्षांना एक पत्र पाठविले. पूर्वेकडील पद्धतींतून घेण्याजोगे ते घ्यावे, परंतु तंत्राने येणाऱ्या स्वास्थ्याला ईश्वरभेट समजू नये, असा त्याचा रोख होता. त्यातील पूर्वेविषयीची भीती काहीशी अतिरिक्त वाटते; मूळ इशारा मात्र आपल्याही उपयोगाचा आहे.

ही भीती अतिरिक्त का, हे एका जीवनावरून दिसेल. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात १९१० साली जन्मलेले बेनेडिक्टी संन्यासी आंरी ल सो हे १९४८ साली भारतात आले, १९४९ मध्ये त्यांनी श्रीरमण महर्षींचे दर्शन घेतले, अरुणाचलाच्या गुहांत वास केला आणि पुढे उत्तरकाशीला गंगातीरी कुटी करून राहिले. अभिषिक्तानंद ह्या नावाने ते ओळखले जातात. त्यांचे प्रार्थनेवरील इंग्रजी पुस्तक १९६७ साली दिल्लीहूनच प्रसिद्ध झाले. अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तभक्ती ह्यांची बुद्धीने सांगड घालणे त्यांना अखेरपर्यंत साधले नाही. तरी दोहोंपैकी एकही त्यांनी सोडले नाही. १९७३ मध्ये इंदूर येथे त्यांचा देह पडला. सांगड न बसताही प्रामाणिकपणे बसून राहणे हेही मौनच नव्हे काय?

परंतु गृहस्थ विचारील, ‘हे सारे संन्याशांचे झाले. माझे वृद्ध वडील सातारला एकटे आहेत, मी नोएडाला. फोन बंद करून मी डोळे मिटले आणि त्याच घटकेला त्यांना माझी गरज लागली तर ते मौन पुण्य की पाप?’ हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. ज्या यंत्राने चित्त विखुरते, तेच यंत्र आज मातृपितृसेवेचे साधन झाले आहे. स्वधर्म टाकून मिळविलेली शांती गीतेला मान्य नाही. रणांगणावरून निघून जाऊन अर्जुनालाही शांतीच हवी होती.

कॅथलिक परंपरेत ह्या आक्षेपाला जे उत्तर मिळाले, ते फ्रान्सिस द साल ह्या धर्माध्यक्षाने १६०९ साली खास संसारी लोकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात आहे. सैनिकाचा तळ, कारागिराची कर्मशाळा, विवाहितांचे घर येथून भक्तीला हद्दपार करणे ही चूक होय, असे तो म्हणतो. आणि गृहस्थाने मठवाशाची साधना उसनी घेतली तर ती हास्यास्पद होईल, असेही बजावतो. त्याच शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू स्वयंपाकघरात राबत होता. भांड्यांचा खणखणाट, चहूकडून मागणी. आणि कामाची वेळ व प्रार्थनेची वेळ ह्यांत आपल्याला भेद वाटत नाही, असे तो सांगे. मेट्रोतील निःशब्द डब्यात मौन नाही आणि त्या गजबजलेल्या पाकशाळेत ते होते.

तेव्हा नोएडाच्या त्या पुत्राने फोन बंद करण्याचे कारण नाही. वडिलांच्या फोनाची घंटा वाजू द्यावी, इतर सूचनांचे आवाज तेवढे बंद करावेत. घंटा वाजल्यावर उठणे हा स्वधर्म. ती वाजली नसताना हात तिकडे जाणे हा एव्हाग्रिउसच्या दुपारचा विकार. दोहोंतील फरक हाताला कळत नाही, मनाला कळतो, म्हणून पाहणे मनाकडेच. वडिलांचा फोन आला तर स्वस्थपणे, घाई न करता बोलावे आणि पुन्हा आसनावर येऊन, ज्या मण्यावर जप थांबला होता त्या मण्यापासून माळ पुढे न्यावी. मणी आठवत नसेल तर मेरूपासून.